मुले गाडीत असताना आधी बेल्ट मोजा

पाच आसनी गाडीत आई, वडील आणि चार मुले बसली तर चालते का? लग्नसराईत आणि सुट्ट्यांत हा प्रश्न घरोघरी पडतो आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर एकच असते: लहानच आहेत, सरकून बसतील. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते आणि त्याहून लहान मूल फुकट जाते, त्यामुळे मूल म्हणजे अर्धा माणूस हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. शिवाय ‘बारा वर्षांखालची तीन मुले म्हणजे दोन मोठी माणसे’ असा एक नियमही अधूनमधून मोबाइलवर फिरतो. तो नियम खरा आहे, पण जपानचा. आपल्याकडच्या खासगी गाडीला तो लागू नाही.

आपल्याकडचे उत्तर मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या दोन कलमांत आहे आणि ती एकत्र वाचावी लागतात. कलम १९४अ जादा प्रवाशांबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीत, किंवा परवान्यात दिलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रवासी भरले तर प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड होतो आणि जादा माणसे उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलवता येत नाही. पण हे कलम परिवहन वाहनांसाठी, म्हणजे रिक्षा, टॅक्सी, बस यांच्यासाठी आहे. एवढेच वाचून ‘खासगी गाडीला मर्यादाच नाही’ असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात.

त्यांनी पुढचे कलम १९४ब वाचलेले नसते. चौदा वर्षांखालचे मूल सीट बेल्टने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १००० रुपये दंड आहे. दुसऱ्याला तशी गाडी चालवू देणाराही त्यात येतो. या तरतुदीला खालची वयोमर्यादा नाही, म्हणजे मांडीवरचे तान्हे बाळही तिच्यात बसते. एका बेल्टमध्ये एकच माणूस मावतो, म्हणून खासगी गाडीची खरी मर्यादा तिच्यात वापरण्याजोगे बेल्ट किती आहेत यावर ठरते. मागे तीन बेल्ट असतील तर तीन मुले. चौथ्याची सोय दुसऱ्या गाडीत.

दंडाच्या आकड्यांबद्दल इथेच एक खुलासा. वर दिलेल्या रकमा कायद्यातल्या आहेत. जागेवर भरायचे तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवते, त्यामुळे ई-चलानवर वेगळा आकडा दिसू शकतो.

निघण्याआधी: आरसी, बेल्ट आणि वजन

आरसीवर आसनक्षमतेचा रकाना असतो. स्मार्ट कार्ड हाताशी नसेल तर एमपरिवहन किंवा डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये तो पाहता येतो. तिथला आकडा चालकासह असतो. पाच लिहिले असेल तर चालक आणि चार प्रवासी. सात आसनी गाडीत सहा प्रवासी.

त्यानंतर प्रत्यक्ष गाडीत बसून प्रत्येक बेल्ट ओढून, बकलमध्ये अडकवून आणि सोडून पाहा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण अडचण बहुधा इथेच सापडते. बाहेरून शिवून घेतलेल्या सीट कव्हरखाली मागची बकले गाडली गेलेली असतात. मधल्या आसनाला काही गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. काही बेल्ट वर्षानुवर्षे न वापरल्याने आत ओढले जात नाहीत, मग ते सैल लोंबतात आणि अपघातात धरत नाहीत. बेल्ट पूर्ण बाहेर काढून कडा पाहा. पट्टा दारात सापडून फाटलेला किंवा उन्हाने कडक झालेला असेल तर बदलून घ्या. तसेच, बेल्टचा इशारा बंद करणारी खोटी क्लिप कुठे अडकवलेली असेल तर काढून टाका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा क्लिप विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले होते.

तिसरी गोष्ट वजनाची. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन असते, आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन आरसीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळते. समजा दोन्हींत ४५० किलोंचा फरक आहे. सत्तर किलोची पाच माणसे म्हणजे ३५० किलो, उरले १००. त्यातच बॅगा, टपावरचा कॅरियर आणि पाण्याचा कॅन. भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा दाब वेगळा असतो. तो चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि निघण्याआधी, टायर थंड असताना भरायचा असतो.

डिकीत मुले बसवण्याची पद्धत मात्र पूर्ण बंद करा. तिथे बेल्ट नसतात आणि मागून धडक बसली की चेपण्यासाठीच गाडीचा तो भाग बनवलेला असतो. तिसऱ्या रांगेतही पाठ आणि मागचे दार यांत अंतर कमी असते, म्हणून तिथे शक्यतो मोठे मूल बसवा आणि डोक्याचा टेकू त्याच्या डोक्याइतका वर ओढून ठेवा.

मांडीवर का नाही

हिशेब सोपा आहे. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या चौदापट जोर येतो. १० किलोचे बाळ त्या क्षणी १४० किलोंचे होते. कुणाचेही हात तेवढे वजन धरू शकत नाहीत. आईने स्वतःचा बेल्ट लावलेला असेल तर बाळ तिच्या हातून निसटून पुढे फेकले जाते. लावलेला नसेल तर ती स्वतः बाळावर आदळते. दोघांना एकाच बेल्टमध्ये गुंडाळणे सर्वांत वाईट, कारण मोठ्या माणसाचे सगळे वजन आणि बेल्टचा काच यांच्यामध्ये बाळ चेपले जाते.

मागच्या आसनावर बेल्ट लागत नाही हा समज अजून गेलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावरच्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली. नियम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

कोणत्या मुलाला कोणते आसन

बालसुरक्षा आसन, म्हणजे बोलीत चाइल्ड सीट, वयापेक्षा वजन आणि उंची पाहून निवडायचे असते. भारतीय मानक एआयएस-०७२. आयात केलेल्या आसनांवर नारिंगी लेबल असते आणि त्यावर वर्तुळात ई हे अक्षर व आर-४४ किंवा आर-१२९ असा नियमाचा क्रमांक असतो. लेबल नसलेली, नुसत्या कापडी पट्ट्यांची ‘ट्रॅव्हल सीट’ स्वस्त मिळते, पण ती आसन नव्हे, गादी आहे.

आर-४४ ची विभागणी वजनावर आहे. १३ किलोपर्यंतचे बाळ गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसते. ९ ते १८ किलोंसाठी स्वतःचा पाच पट्ट्यांचा हार्नेस असलेले आसन असते. १५ ते २५ आणि २२ ते ३६ किलोंसाठी बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, ज्यात मूल गाडीच्याच बेल्टने बांधले जाते. आर-१२९ ची, म्हणजे आय-साइझ आसने उंचीवर ठरतात आणि त्यांत किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे आहे. यामागचे कारण शरीराच्या ठेवणीत आहे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार जड असते आणि मान कच्ची. समोरून धडक बसली की मागे तोंड केलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ आसनाच्या पाठीवर एकदम टेकतात आणि जोर सगळ्या पाठीवर पसरतो. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकते आणि डोके एकटे पुढे झेपावते. म्हणून पाय दुमडायला लागले की लगेच आसन फिरवण्याची घाई करू नये. पाय दुमडून बसणे मुलांना मुळीच अवघड जात नाही. डोके आसनाच्या वरच्या कडेला पोहोचले किंवा वजनाची मर्यादा ओलांडली की फिरवायचे.

बूस्टर कधी सोडायचा? मुलाला थेट आसनावर बसवून बेल्ट लावा आणि पाहा. पाठ पूर्ण टेकून गुडघे आसनाच्या कडेला वाकले पाहिजेत. खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि छातीवरून जायला हवा, गळ्याला घासता कामा नये. साधारण १३५ ते १५० सेंमी उंचीच्या दरम्यान हे जमते. त्याआधी बूस्टर काढला की मूल गळ्याला टोचणारा पट्टा काखेखाली किंवा पाठीमागे सरकवते. काखेखालचा पट्टा धडकेत बरगड्या मोडतो आणि पोटावरचा पट्टा आतल्या अवयवांत रुततो.

गाडी नवी घेत असाल तर भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीत तिला किती तारे मिळाले ते पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या चाचणीत मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात. त्यातले २४ धडक चाचणीचे, १२ बालआसन नीट बसते का याचे आणि १३ गाडीतल्या सोयींचे. विक्रेता तारे सांगतो. तुम्ही मुलांचे तारे वेगळे विचारा.

चाइल्ड सीट बसवणे: चुका इथेच होतात

१. आधी गाडीची पुस्तिका उघडा. कोणत्या आसनावर कोणते बालआसन चालते याचा तक्ता तिच्यात असतो. यू म्हणजे सर्वसाधारण आसन चालेल, एक्स म्हणजे तिथे बसवूच नका.

२. जागा मागच्या रांगेत. आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन बेल्टशिवाय थेट गाडीला जोडायच्या, कड्या बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही कडेच्या आसनांना असतात, पाठ आणि बैठक यांच्या फटीत, एकमेकींपासून २८ सेंमीवर. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मुलाला बसवायचे असेल तर डावी बाजू बरी, कारण दार फुटपाथकडे उघडते.

३. आयसोफिक्सचे दोन्ही हात कड्यांत दाबा. दोन वेगवेगळे ‘टक्’ ऐकू आले पाहिजेत आणि दोन्ही खुणा हिरव्या दिसल्या पाहिजेत. एकच हात अडकलेला असताना आसन घट्ट वाटते, इथेच फसगत होते. अशा आय-साइझ आसनाचे आणि मुलाचे मिळून वजन ३३ किलोंपेक्षा जास्त नको.

४. तिसरा आधार विसरू नका. तो वरचा टेदर पट्टा असतो किंवा जमिनीवर टेकणारा पाय. टेदर आसनाच्या पाठीमागच्या त्याच्यासाठीच्या कडीत अडकवायचा, सामान बांधायच्या हुकात नव्हे. आधाराचा पाय जमिनीवर घट्ट टेकला पाहिजे. गाडीच्या जमिनीत पोकळ कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर पाय ठेवू नका, धडकेत झाकण खचते.

५. आयसोफिक्स नसेल तर गाडीच्या बेल्टने बांधा. मागे तोंडाच्या आसनात बेल्टची वाट बहुधा निळ्या रंगाने आणि पुढे तोंडाच्या आसनात लाल रंगाने दाखवलेली असते. गुडघा आसनात रोवून पूर्ण वजन टाका आणि त्याच वेळी बेल्ट ओढून सैलपणा काढा.

६. बेल्ट जिथून जातो तिथे आसन धरून हलवा. कुठल्याही बाजूला अडीच सेंमीपेक्षा जास्त हलत असेल तर पुन्हा बांधा. आसनाचा वरचा भाग थोडा हलला तर चालते.

७. हार्नेसची उंची ठरवा. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड असेल तर खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित वरून. पट्टे घट्ट केल्यावर खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत पकडता येऊ नये.

जाड स्वेटर, कानटोपीचे जॅकेट, अंगाखाली घातलेली दुलई यांनी सगळी मेहनत वाया जाते. धडकेत मऊ कापड दबते आणि पट्टा तेवढा सैल होतो. बाळाला आधी बांधा आणि मग वरून पांघरूण घाला. डोक्याच्या बाजूला बाहेरून आणलेल्या उशाही लावू नका. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर श्वास अडतो, अशा वेळी पुस्तिकेप्रमाणे आसनाचा कल वाढवा. झोपलेले बाळ तासन्‌तास आसनातच ठेवू नका. दर दीड-दोन तासांनी थांबून त्याला सपाट झोपवा.

पुढच्या आसनाबद्दल एकच गोष्ट पुरेशी आहे. चालू एअरबॅगसमोर मागे तोंडाचे बालआसन कधीही नको. एअरबॅग डोळ्याचे पाते लवायच्या आत, सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते आणि आसनाची पाठ बाळाच्या डोक्यावर आपटते. दुसरा पर्यायच नसेल आणि गाडीत प्रवासी एअरबॅग बंद करायची किल्ली असेल, तर ती बंद करा आणि डॅशबोर्डवरचा दिवा पाहून खात्री करा. मोठे मूल पुढे बसलेच तर आसन शक्य तितके मागे घ्या.

दुचाकी: आई, बाबा आणि बाळ म्हणजे तिघे

याबाबत कायद्यात पळवाट नाही. कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो, तोही चालकाच्या आसनामागे पक्क्या बसवलेल्या आसनावर. त्यात वयाचा उल्लेख नाही. त्यामुळे मागे बसलेल्या आईच्या कुशीत बाळ असेल तरी ती ट्रिपल सीटच. स्कूटरच्या पायठेवणीवर उभे केलेले किंवा टाकीवर बसवलेले मूलही चालत नाही, कारण ते मागे नाही, पुढे आहे. कलम १९४क प्रमाणे दंड १००० रुपये आणि तीन महिने लायसन अपात्र. केरळ सरकारने २०२३ मध्ये दहा वर्षांखालच्या मुलाला तिसरा म्हणून मुभा द्यावी अशी केंद्राकडे मागणी केली होती, पण केंद्राने ती मानली नाही. नाक्यावरचा हवालदार काणाडोळा करतो हे खरे. कॅमेरा करत नाही.

स्कूटरच्या पुढे उभ्या असलेल्या मुलाची हनुवटी नेमकी हँडल आणि आरशांच्या उंचीला येते. जोरात ब्रेक लागला की चालकाचे वजन मागून आणि हँडल पुढून. शिवाय मूल थ्रॉटल किंवा हॉर्नला हात घालते, ते वेगळेच.

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागते (कलम १२९). चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राचे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाले आणि एका वर्षानंतर लागू झाले. त्यांत तीन गोष्टी आहेत. मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा हार्नेस हवा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला डोक्याच्या मापाचे क्रॅश हेल्मेट किंवा सायकलचे हेल्मेट हवे. आणि वेग ताशी ४० किमीच्या वर नको. हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात घालायचे जाकीट, त्याला पट्टे, आणि चालकाच्या खांद्यांत अडकवायचे दोन फास. तो हलका, जलरोधक आणि ३० किलोंपर्यंत भार पेलणारा असावा अशी अट आहे. ओढणीने किंवा साडीच्या पदराने बाळ पाठीशी बांधणे म्हणजे हार्नेस नव्हे. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान हेल्मेटचे वजन पेलू शकत नाही, म्हणून त्याला दुचाकीवर नेऊच नये.

हेल्मेट घेताना भुवयांच्या अडीच सेंमी वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि मागच्या कडेला धरून वर उचला. ते पुढे सरकून निघत असेल तर मोठे आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठे घेतात, ही कपड्यांची सवय हेल्मेटला लावू नका. मोठ्यांच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा.

मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायठेवण आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे साडी गार्ड, हे सगळे गाडीला असावे लागते (केंद्रीय मोटार वाहन नियम १२३). मुलाचे पाय पायठेवणीपर्यंत पोहोचत नसतील तर टाच चाकाच्या आऱ्यांत जाते. गाडी शोभेसाठी सुटसुटीत करताना साडी गार्ड काढला असेल तर तो परत लावा.

रिक्षा, कॅब आणि शाळेची व्हॅन

रिक्षात तीन प्रवासी, साध्या टॅक्सीत चार. चालकाच्या शेजारी त्याच्याच आसनावर बसवलेले मूल कलम १२५ मध्येही अडकते. चालकाच्या हालचालीत अडथळा येईल असे कुणालाही बसवू नये, असे ते कलम सांगते. कॅबमध्ये बसण्याआधी मागची बकले वर आहेत का ते विचारा. सीट कव्हरखाली गेलेली असतील तर चालकाला ती काढायला एक मिनिट लागते, पण ते आधी सांगावे लागते. मालवाहू टेम्पो किंवा पिकअपमध्ये मुलांना बसवणे परवान्याच्या अटीचा भंग आहे आणि विम्याच्या दृष्टीने तर आत्मघात.

शाळेच्या वाहतुकीत बारा वर्षांखालच्या मुलांची संख्या आसनक्षमतेच्या दीडपटीपर्यंत नेण्याची सवलत आढळते. अर्ध्या माणसाचा समज इथूनही आला असावा. ती सवलत परवाना घेतलेल्या शालेय वाहनासाठी आहे, शेजाऱ्यांची मुले आळीपाळीने नेणाऱ्या घरच्या गाडीसाठी नाही. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. व्हॅनबद्दल तक्रार असेल तर चालकाशी फाटकावर हुज्जत घालण्यापेक्षा गाडीचा क्रमांक, तारीख आणि मोजलेली मुले लिहून या समितीकडे आणि आरटीओकडे द्या.

रस्त्यावर

केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादा मोटारींसाठी अशा: द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरात ७० आणि इतर रस्त्यांवर ७०. राज्य किंवा पोलीस त्याहून कमी मर्यादा लावू शकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० आहे आणि घाटात त्याहूनही कमी. पाटी पाहून चालवा, आकडे पाठ करून नव्हे.

मागे वळून रडणाऱ्या मुलाकडे दोन सेकंद पाहिले तर ताशी ८० च्या वेगात गाडी ४४ मीटर आंधळी धावते. मुलांशी बोलण्याचे, पाण्याची बाटली देण्याचे काम शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाकडे द्या. एकटेच असाल तर बाटली आणि खाऊ मुलाच्या हाताशी, आसनाच्या खिशात ठेवा आणि बाकीचे थांबल्यावर. लघवीसाठी द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी लावू नका. मागून येणारा जड ट्रक कडेला उभी गाडी चालती समजतो. खालापूर, तळेगाव असे थांबे आधीच ठरवा आणि मुलाला ‘लागली का’ हे थांबा येण्याच्या पंधरा मिनिटे आधी विचारा, गेल्यावर नव्हे.

सनरूफमधून डोके बाहेर काढून उभे राहिलेले मूल बेल्टमध्ये नसते, म्हणजे १९४ब लागूच. टपावर, बॉनेटवर किंवा फुटबोर्डवर कुणालाही बसवायला कलम १२३ मनाई करते. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक दाराच्या कडेवर असतात. खटका फिरवा, दार लावा आणि आतून उघडत नाही ना ते स्वतः पाहा. खिडक्यांच्या काचा चालकाकडून बंद करण्याचे बटणही दाबून ठेवा.

उन्हासाठी काळी फिल्म चालत नाही. मागच्या-पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवर फिल्म किंवा अन्य कोणतेही साहित्य चिकटवायला बंदी घातली, त्यामुळे सक्शन कपाने चिकटणाऱ्या जाळीवरही पावती फाटू शकते. सुती टोपी आणि सावलीच्या बाजूचे आसन यांवर दंड नाही. उभ्या, बंद गाडीत मात्र मुलाला पाच मिनिटेही ठेवू नका. उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान साधारण दहा अंशांनी चढते आणि खिडकी चार बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. विसर पडू नये म्हणून मोबाइल किंवा पाकीट मागच्या आसनावर, मुलाच्या पायाशी ठेवण्याची सवय चांगली.

मुलाच्या हातात चावी

अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली तर कलम १९९अ पालकाला किंवा मालकाला दोषी धरते. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला, तीही लायसन काढून. घरातली शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. सोसायटीच्या आवारात मांडीवर बसवून स्टिअरिंग फिरवू देणे हीसुद्धा त्याच वाटेवरची पहिली पायरी आहे, शिवाय तिथेही एअरबॅग चालू असते.

विमा आणि अपघातानंतर

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीत बसलेल्यांची भरपाई गृहीत धरू नका. आत बसणारे सर्वसमावेशक पॉलिसीत येतात, तेही पॉलिसीवर लिहिलेल्या आसनसंख्येइतके. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ४२ प्रवाशांचा विमा असलेली बस सुमारे नव्वद माणसे घेऊन जाताना अपघातात सापडली होती. विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच, असा निकाल लागला. उरलेला भार मालकावर.

अपघात झालाच तर धूर, आग किंवा पाणी नसल्यास मुलाला घाईने आसनातून ओढू नका. मानेला दुखापत असू शकते. ११२ किंवा १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मदत करणाऱ्या वाटसरूला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे त्यालाही सांगा म्हणजे तो थांबतो. धडक जोरात बसली असेल तर वरून एकही तडा दिसत नसला तरी बालआसन आणि ओढले गेलेले सीट बेल्ट बदलायचे असतात. प्लॅस्टिकच्या आतल्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. विमा कंपनीकडे मागणी करताना आसनाचे बिल आणि ते गाडीत बसवलेले असतानाचे फोटो लागतात, ते आधीच काढून ठेवा. याच कारणासाठी इतिहास ठाऊक नसलेले जुने आसन विकत घेऊ नका. आणि बाद झालेले आसन भंगारात देण्याआधी त्याचे पट्टे कात्रीने कापून टाका, नाहीतर ते धुऊन-पुसून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसते.